मास्तरांच्या ट्रंकेतली पत्रं

महायुद्धाच्या काळात घडणारी माझी रहस्यकादंबरी बारामतीत बऱ्यापैकी वाचली गेली. "तात्या, चोर शेवटपर्यंत कळूच दिला न्हाय तुमी!" असं लोक कौतुकानं म्हणत, आणि मी हसून मान डोलवी.

गोष्ट जवळच्याच निरवांगी गावची. शिपाई आघाडीवरून बायकोला पत्रं धाडतो, गावचा दुकानदार ती दडवतो. नवरा मेला असं समजून ती विहिरीत उडी घेते.

गेल्या महिन्यात त्या दुकानदाराचा नातू घरी आला. साठीचा माणूस, पण उंबऱ्यातच उभा राहिला.

"तात्या, लोक म्हणत्यात, ह्यांच्या आज्यानं बाई मारली. काल सुनंनं इचारलं, खरं हाय का? काय सांगू तिला?"

"अरे, कादंबरी हाय ती."

"बाई तर खरीच व्हती की."

बाई खरी होती. टपाल दुकानात उतरायचं, पण बायकांना पत्रं वाचून दाखवायचे ते शाळेचे मास्तर, म्हणजे माझे वडील. पत्राची चौकशी करायला ती रोज शाळेत येई. तिचं येणं थांबू नये म्हणून त्यांनी पत्रं दडवली. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत मला सहा सापडली. लिहिताना मी चोर बदलला.

मी ती पत्रं आणून नातवाच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं पत्रांवरचं त्या बाईचं नाव वाचलं.

"बापाला वाचवलंत, ते समजलं," तो म्हणाला. "पण माझाच आजा का?"

दुकानदाराच्या वारसांपैकी कुणी पुस्तकं वाचत नव्हतं, म्हणून. हे त्याला तोंडावर सांगवलं नाही, म्हणून इथं लिहितो आहे.