भिंतीवरून नको, दारातून

नाशिकचं आमचं घर काल पाडलं. धूळ बसावी म्हणून मजुरांनी पाणी मारलं आणि त्या ओल्या मातीच्या वासानं मला नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात नेलं. धरण आटून आत्याचं बुडालेलं गाव बेटासारखं वर आलं होतं. दिवसभर आम्ही दोघी ते पडके दगड तुडवत होतो. वारा वाढला, नावाडी परतायला हाका मारू लागला. आत्या तिच्या घराच्या अवशेषांत उभी होती; तिला बोलवायला घाईघाईत मी गुडघाभर उरलेली भिंत ओलांडून आत शिरले.

"भिंतीवरून काय येती गं?" ती कडाडली. "दारातून ये!"

चरफडत वळसा घालून मी उंबऱ्यातून आत गेले.

काल मात्र मोकळ्या प्लॉटभोवती येरझारा घालत राहिले. कुठूनही आत जाता येत होतं. आमचं दार कुठे होतं, तेच कळेना.