तीन मण्यांचा फरक

माझं लग्न एका झाडामुळे अडलं. झाड आमच्या दारात नव्हतं, घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांच्या आसपासही नव्हतं. मी तर तोवर ते ओळखतही नव्हते. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला कळंब ओळखता येत नाही, यावर माझे थोरले काका पुढे कित्येक दिवस हसत होते. पण कळंब आमचं देवक. म्हणजे घराण्याचं मूळ त्या झाडात. लग्नात आधी त्याची फांदी सुपात मांडायची, तिला नमस्कार करायचा, आणि ज्या घराचं देवक तेच, त्या घराशी सोयरीक करायची नाही. का, तर एका झाडाची लेकरं म्हणजे बहीण-भाऊ.

थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. मी दुसरीत असताना वडील गेले, तेव्हा काकांनी आईला आणि मला आपल्या घरी आणलं. त्यांची बायको त्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही. गिरणीत मागावर उभं राहून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तोवर मी शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले होते. तेव्हापासून घरात पगार माझा आणि शब्द काकांचा अशी सोयीची वाटणी होती.

मुलगा माझ्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. राहायला नाहूरला. तेव्हा नाहूरला स्टेशनही नव्हतं, भांडुपहून चालत जावं लागायचं, आणि मी ते दोन वर्षं ‘मैत्रिणीकडे पेपर तपासायला’ म्हणून चालत होते. शेवटी त्याचे आईवडील रीतसर घरी आले. पोहे झाले, गाव निघालं, ओळखी निघाल्या, सगळं झकास चाललं होतं. मग काकांनी विचारलं, “देवक खयचा?”

“कळंब,” त्याचे वडील म्हणाले, तेही अभिमानाने.

काकांनी बशी खाली ठेवली. “मगे ही दोघां भावंडां झाली.”

ज्याच्याबरोबर मी पवईच्या तळ्याकाठी बसून शेंगदाणे खाल्ले, तो असा एका मिनिटात माझा भाऊ झाला. आता राखीही आणा, उरकून टाकू, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याच्या आईने पोहे मात्र संपवले. जाताना त्याचे वडील म्हणाले, महिनाभर थांबतो, तुमचं काय ते ठरवा. मुलुंडचं एक स्थळ आलंय त्याला.

मी विज्ञानाची शिक्षिका. मी ठरवलं, काकांना विज्ञानाने गार करायचं. संध्याकाळी त्यांच्यासमोर पाट मांडून बसले आणि दहावीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. काका, सगळ्या सजीवांच्या पेशीत एकाच लिपीत मजकूर लिहिलेला आहे. अक्षरं तीच, फक्त मांडणी वेगळी. चिंपांझीचा मजकूर तर आपल्याशी इतका जुळतो की मास्तर कॉपी पकडतील. अहो, झाड काय, पावात घालतात ते यीस्टसुद्धा आपलं लांबचं नातलग. आता झाडाच्या नात्यावरून लग्नं मोडायची म्हटली तर जगात कुणाचं लग्न व्हायचं?

काकांनी सगळं अगदी मन लावून ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे झाड आपला नातेवाईक, ह्यां खरा?”

“हो, पण...”

“मगे मी येगळा काय सांगतंय?”

दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीला कळलं की पुतणीने सायन्सने देवक सिद्ध केलं. नळावर बायका मला मान देऊ लागल्या. एक आजी तर आपल्या नातीचं देवक तपासून द्यायला सांगायला आली. माझी वाट लागली होती आणि ती मीच माझ्या हाताने लावली होती.

आता काकांच्या इंजेक्शनबद्दल सांगायला हवं. त्यांना मधुमेह होता आणि दोन वर्षांपासून रोज सकाळी इन्सुलिन लागायचं. ते टोचायचं काम माझं. डॉक्टरांनी मला आधी वांग्यावर टोचून हात बसवायला लावला होता. काका स्वतः टोचून घेतील हा प्रश्नच नव्हता. सुई दिसली की गिरणीतल्या या पहिलवानाला घेरी यायची. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी कापूस चोळेपर्यंत विठ्ठलाला हाका मारायचे. काचेची सिरिंज मी पातेल्यात उकळायचे. औषधाची बाटली ठेवायला आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून ती शेजारच्या जैन बेनच्या फ्रिजात असायची. त्या फ्रिजात कांद्यालाही प्रवेश नव्हता.

आणि बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, बोवाइन. म्हणजे गोवंशाचं. तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातूनच काढत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं आणि घरी बोलू नकोस असंही सांगितलं होतं, कारण काका माळकरी. मालवणी असून त्यांनी मासे सोडले होते. ते भजनाला गेले की मगच आई बांगडे तळायची आणि ते परत येईपर्यंत खिडकीत उभी राहून टॉवेल हलवायची.

पहिल्याच दिवशी काकांनी बाटली हातात घेऊन एकेक अक्षर जुळवत वाचलं होतं. “बो... वाइन.” त्यांचा चेहरा पडला. “ह्येच्यात वाइन आसा?”

“दारूचा एक थेंब नाही काका. तुमच्या गळ्याची शपथ.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या शब्दावर काकांनी दोन वर्षं दंड पुढे केला.

महिना संपत आला. नाहूरहून निरोप आला की मुलुंडची मंडळी रविवारी येतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिरिंज भरून उभी होते आणि काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “झाडाक इसारलो तो माणूस कोणाचो ऱ्हवलो?”

माझं डोकं सणकलं. “आणि बैलाला विसरला तो? काका, बोवाइन म्हणजे बैल. देवनारला कापतात ना, तसल्या जनावराच्या पोटातलं हे औषध. दोन वर्षं तेच चाललंय तुमच्या अंगात. आता सांगा मला देवक!”

आईच्या हातातलं भांडं पडलं. काका वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाही खाली केली, गुंडी लावली आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन बसले.

त्या दिवशी त्यांनी टोचून घेतलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. माठ रिकामा करत होते, सारखे मोरीकडे जात होते, डोळे खोल गेले. डॉक्टर येऊन ओरडून गेले. काकांनी त्यांना चहा पाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणातून उठले नाहीत. मी इतकी घाबरले होते की नाहूर, मुलुंड, माझं लग्न, सगळं डोक्यातून गेलं. ज्या माणसाने मला वाढवलं त्याला मी एका वाक्याने मारत होते, आणि तेही वादात जिंकण्यासाठी. मला माझी किळस आली.

मी त्यांच्या उशाशी बसले. “काका, मी खोटं बोलले. हे कारखान्यात करतात.”

“तू खोटा बोलणस नाय,” ते डोळे मिटूनच म्हणाले. “वाकडा बोलतंस.”

“मी लग्न करत नाही. उद्याच कळवते त्यांना. पण टोचून घ्या.”

त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर होता, आणि ती माळ बघूनच मला सुचलं. या वेळी मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मी म्हटलं, “काका, इन्सुलिन म्हणजे माळच असते. एक्कावन्न मणी ओवलेली. माणसाच्या अंगातली माळ आणि बैलाची माळ शेजारी ठेवली ना, तर फक्त तीन मणी वेगळे निघतात. म्हणून तर तुमच्या अंगाला ती परकी वाटत नाही.”

बराच वेळ ते मणी चाचपत राहिले. “तीनच?”

“तीनच.”

“गावाक आमचे दोन बैल होते,” ते म्हणाले. “बापाशीन त्येंका इकूक नाय. घरचे म्हणान घरातच मेले.” आणि त्यांनी दंड पुढे केला. मी इतकं वेडंवाकडं टोचलं की वांगंसुद्धा ओरडलं असतं.

शनिवारी काका आपणहून नाहूरला गेले. भांडुपहून चालत, छत्री टेकत, मला बरोबर घेऊन. त्याच्या आईवडिलांसमोर बसून त्यांनी निकाल दिला. “कन्यादान मी करतलंय. देवक मांडूचा तां दान करणाऱ्याचा. आणि माझा देवक आता कळंब ऱ्हवूक नाय, बैल झाला. इचारा ह्येका, सायन्स आसा.” त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षिकेचा चेहरा करून मान हलवली. दहा वर्षांच्या नोकरीत इतकं भंकस शास्त्र मी कुठल्याच वर्गाला शिकवलेलं नाही. त्यांनाही पळवाट हवीच असावी, कारण मुलगा चार दिवस जेवत नव्हता. तिथी काढायला बोलावलेल्या भटजींनी पोथी चाळली आणि मग ताटातल्या दक्षिणेकडे बघून ती मिटली.

सुपात कळंबाऐवजी मातीचा बैल बसला. लग्नाच्या सकाळी, हळदीच्या हातांनी, मी सवयीने पातेल्यात सिरिंज शोधली. पातेलं रिकामं होतं. स्वयंपाकघरात आई वांग्यांच्या टोपलीपाशी बसून बडबडत होती की भाजीवाल्याने किडकी वांगी दिली, प्रत्येकाला भोकं. मी एक उचलून पाहिलं. कीड नव्हती. बारीक, एकसारखी भोकं, ओळीने, जवळजवळ. पंधरा-वीस वांगी होती तशी.

काका आतल्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसले होते. बाही वर, दंडाला कापूस, कपाळावर घाम. सिरिंज त्यांच्याच हातात. विठ्ठलाचं नाव नाही, काही नाही, त्यांनी चक्क सुईकडे बघून टोचून घेतलं होतं. एवढे दिवस झाडाच्या नावाने ते नेमकं काय अडवून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. सायन्सच्या शिक्षिकेला. मी दारातच रडायला लागले.

“रडतंस कित्याक गो?” काका म्हणाले. “वांग्यांका काय दुखाक नाय.”