ओळीनं ऐकायच्या चार कॅसेटी

परवा कॅसेटचा खोका उघडला आणि जुन्या प्लॅस्टिकच्या वासासरशी कराडचं हॉस्टेल आठवलं. एका परदेशी मेटल बँडपायी मी आणि माझ्या खोलीतल्या मित्रानं केस वाढवले होते. त्याचे खांद्यावर रुळायचे, माझे केरसुणीसारखे उभे राहायचे. त्याचे वडील वारले. दहाव्याला संगमावर मुंडण करून तो चुलत्यांबरोबर ट्रंक न्यायला आला. कॉलेज सोडून आता ऊस त्यालाच बघायचा होता. त्या बँडच्या चार कॅसेटी माझ्याकडं होत्या, चौथी नुकतीच आणलेली. तो म्हणाला, “पहिल्यापास्नं लाव रं, ओळीनं. चौथी नवी ऐकूनच जातो.” दोन संपल्यावर चुलते म्हणाले, “अजून लय हाय व्हय? बसतो मग, दुसरी यष्टी गावंल.” तिसरीला मित्रानं मान झटकली, केस मागं सारायला हात नेला आणि तो हात तसाच डोक्यावर राहिला. “बंद कर, गड्या,” म्हणाला. चौथी मी पुढं एकट्यानंच ऐकली. अगदीच सुमार निघाली; त्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.