नाथाजी हवालदारांचा चुना

आमचे नाथाजी हवालदार पलटणीतून पेन्शनवर आले, ते अठरा वर्षांची शिस्त ट्रंकेत भरूनच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या शालूवैनी, चुलीपुढं बसल्या की हे विचारणार, "लाकडं एका रांगेत का न्हाईत?" माणूस सोन्यासारखा, पण शिस्तीनं डोकं उठवायचा.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात पुण्याचे एक प्रोफेसर आले. गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावर, एकाच झऱ्याच्या ओल्या कातळाला त्यांना अंगठ्याएवढा बेडूक सापडला. म्हणाले, हा दुसरीकडं कुठंच दिसलेला नाही. गाव हसलं. आमच्याकडं बेडकांना काय तोटा? एकटे नाथाजी हसले नाहीत. प्रोफेसरांनी त्यांनाच राखणीला ठेवलं. पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांना आणतो, त्यांनी डोळ्यांनी बघितलं की नोंद पक्की, असं सांगून गेले. नाथाजी रोज डोंगर चढायचे. एक जनावर तिकडं फिरकू दिलं नाही. ह्या माणसाच्या छातीवर अठरा वर्षांत एक बिल्ला लागला नव्हता. मला म्हणाले, "गड्या, ह्यो बेडूक ऱ्हायला म्हंजे आपली राखण एकदा तरी कामाला आली."

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी पावसानं उघडीप दिली आणि हवालदारांच्या अंगातली पलटण जागी झाली. साहेब येणार म्हणजे इन्स्पेक्शन, आणि इन्स्पेक्शन म्हणजे दगडांना चुना. उभा जन्म त्यांनी तेच केलेलं. साताऱ्याहून पोतंभर चुना आणला. शेवाळ खरवडलं, झऱ्याचा कातळ पांढराफेक केला, वरनं गेरूची पट्टी ओढली. बादली मीच धरली होती, खोटं कशाला सांगू? दोघांनाही लय बरं वाटलं.

साहेब आले; प्रोफेसर आणि आमचे सरपंच बरोबर होते. कातळावर अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. खालच्या डबक्यात चार बेडूक उताणे तरंगत होते.

"चुना कुणी लावला?" प्रोफेसरांनी विचारलं.

सरपंच आभाळाकडं बघायला लागले, मी सरपंचांकडं. नाथाजी दोन पावलं पुढं झाले, टाचा जुळवल्या.

"मी, साहेब. शिक्षा काय?"

"शिक्षा कसली, हवालदार? तुम्हाला कुठं ठाऊक होतं," म्हणून प्रोफेसरांनी वही मिटली आणि दोघं डोंगर उतरून गेले.

नाथाजी तसेच उभे. मी हाताला धरलं तेव्हा म्हणाले, "पलटणीत चूक झाली की मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. फेऱ्या संपल्या की माणूस मोकळा व्हायचा रं. ह्यांनी फेऱ्याच दिल्या न्हाईत."