सोललेला आवाज

वायरमामांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणतात तेही त्यामुळेच. बाकी त्या दोघांना सख्खा भाचा एकही नाही. मामांचं काम इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवण्याचं. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली ती चपटी डबी, जी तारांची थरथर पकडून अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवते. ती काढून घेतली तर उरते ती फळी. त्यातही मामा एकाच जातीचे पिकअप करतात, हम्बकर. त्यात दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात, एक सुलटं, एक उलटं, म्हणजे विजेची घूं घूं आपापसात जिरते आणि बाहेर येतो तो निव्वळ सूर. आणि तेही जुन्या धाटणीचे: चुंबक मवाळ, तार केसाहून बारीक, दोन वेटोळी मुद्दाम थोडी विषम. "दोघं अगदी सारखे असले की संसार मिळमिळीत होतो," असं मामा म्हणायचे. हे म्हणताना ते मामींकडे बघायचे आणि मामी त्यांच्याकडे अजिबात बघायच्या नाहीत.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खोलीला एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. जुन्या शिवणयंत्राची मोटर लावून केलेलं गुंडाळायचं यंत्र, मेण वितळवायचं एक पातेलं, भिंतीला टेकवलेली चाचणीची गिटार आणि एक अँप. तार चिमटीतून सोडत मामा बसले की त्यांच्या बोटांकडे बघत राहावंसं वाटे. जोर जरा जास्त पडला की तार तुटते, कमी पडला की वेटोळं फुगतं.

बाकीचे कारागीर किती फेरे झाले ते यंत्रावरच्या आकड्यात बघतात आणि ठरल्या आकड्याला थांबतात. मामांच्या यंत्रालाही आकडा होता, पण त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. "आकडा बघून आवाज करायचा म्हणजे घड्याळ बघून भूक लागल्यासारखं." त्यांची रीत वेगळी. फेरे मुद्दाम थोडे जास्तच घालायचे, वेटोळी तात्पुरती गिटारमध्ये बसवायची आणि ऐकायचं. फेरे जास्त असले की आवाज जड, गुबगुबीत, दबलेला येतो. मग तार थोडी उलगडून तोडून टाकायची. पुन्हा ऐकायचं, पुन्हा थोडी काढायची. असं करता करता आवाज एका जागी उघडतो, तिथे थांबायचं. त्याच्या पुढे गेलात तर तो टोचायला लागतो. याला मामा 'सोलणं' म्हणायचे. नेमकं कुठे थांबायचं हे फक्त कान सांगतो, आणि तो कान आपल्याला आहे, एवढाच मामांचा आयुष्यभराचा तोरा होता. दुसरं मिरवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि त्यांना ते नकोही होतं.

गेल्या काही वर्षांत मात्र काम रोडावलं. कुणी पिकअप परत आणून द्यायचा, म्हणायचा, "मामा, जरा टोचतोय हो." मामांच्या नाकावर राग. "केबल हलकी असेल," "अँप भिकार असेल," "आजकालच्या पोरांनी हेडफोन लावून लावून कानाची वाट लावून घेतलीये," असं ऐकवून ते त्याची बोळवण करायचे. मग तारेच्या कंपनीवर घसरायचे: तांबंच पूर्वीसारखं राहिलं नाही. घरातला ताप मोजून झाला की टीं टीं करणारा तापमापक म्हणे वाजेनासा झाला, म्हणून त्यांनी तो फेकून दिला आणि नवा आणला. नवाही वाजेना. तोही गेला.  मामींना दोन्ही वेळा तापमापक चांगला खणखणीत ऐकू आला होता.

अशात एका रविवारी सकाळी लंबू आला. लंबू म्हणजे उंचीने दाराची चौकट अडवणारा, गिटार शिकवून आणि वाजवून पोट भरणारा, मामांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या गिटारमधला हम्बकर मामांनी त्यांच्या उमेदीच्या काळात केलेला. त्याच्या धाकट्या भावाची गिटार अगदी तीच, त्याच बनावटीची, तिच्यातला हम्बकर मामांनी गेल्या वर्षी केला होता. दोघे भाऊ एकच सुरावट जोडीने वाजवतात आणि आता त्यांची ध्वनिमुद्रिका निघायची होती. लंबू दोन्ही गिटारी खांद्यावर घेऊन आला होता.

"मामा, रागावू नका," त्याने आधीच सांगितलं. "दोन्ही एकापाठोपाठ ऐका फक्त. जुळत नाहीयेत. भावाचा माझ्यासारखा करून द्या, एवढंच म्हणणं आहे."

"जुळत नाहीत म्हणजे? हात तोच, तार तीच, कान तोच," मामा म्हणाले. "लाव. एकच केबल, एकच अँप. मी डोळे मिटून बसतो."

लंबूने आपली गिटार जोडली आणि चार ओळींची एक साधी धून वाजवली. मग भावाची जोडली आणि तीच धून वाजवली. मामा मान हलवत ऐकत होते. त्यांना आवडलं. गोल, भरदार, वरचे सूर काचेसारखे नाहीत, मऊ.

"हं. आता दुसरी लाव," ते म्हणाले.

"वाजवली की, मामा."

"मस्करी करतोस काय? तीच वाजवलीस दोनदा."

 लंबूला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. त्याने भावाच्या गिटारवर तीच धून पुन्हा वाजवली, या वेळी जरा जोरात. मामांनी डोळे उघडले ते याला चांगलं खडसावायचं म्हणून. पण समोर दारात मामी उभ्या होत्या, हात पुसायचं फडकं हातात घेऊन. वरच्या तारेवर लंबूचं बोट पडलं तशी त्यांनी मान आखडून घेतली, एक डोळा मिटला, दातात कळ गेल्यासारखा. पुढच्या सुराला पुन्हा तसंच. मामा बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. गिटार त्यांच्या कानांना मऊच लागत होती.

लंबूला त्यांनी कसंबसं वाटेला लावलं. "ठेव भावाची गिटार. बघतो," एवढंच म्हणाले. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि मामींना विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. कधीपासून टोचतंय तुला?"

मामींनी फडक्याची घडी घातली. "मला गिटारीतलं काय कळतंय? पण ही खोली मी झाडते ना. पूर्वी तुमच्या टेबलाखाली चिमूटभर तार पडायची. मग मूठभर पडायला लागली. आता सुपलीत मावत नाही. म्हटलं, इतकं का काढताय? मग एक दिवस तापमापक वाजला आणि तुम्ही ढिम्म बसलात. तेव्हा कळलं."

मामांना सगळं लख्ख दिसलं. त्यांच्या कानातून वरचे सूर हळूहळू गळत गेले होते, इतके हळू की कळलंच नाही. आवाज त्यांना दबलेला वाटायचा म्हणून ते आणखी सोलायचे, आणि तो पूर्वीसारखा वाटला की समाधानाने थांबायचे. वर्षानुवर्षं त्यांनी प्रत्येक पिकअप अगदी पहिल्यासारखाच केला होता, फक्त तो पहिल्यासारखा एकट्या त्यांनाच ऐकू येत होता. आणि तोंडावर ज्यांना हाकललं, त्यातला एकेक जण खरं बोलत होता.

"बोलली का नाहीस?" ते ओरडले.

"बोलून काय झालं असतं? तुमच्याकडे दुसरं आहे काय?" मामी म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली, पण शब्द सुटला तो सुटला.

कानाच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी मामांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या घातल्या आणि सूर ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मामांनी बराच वेळ बटण दाबलंच नाही; त्यांना वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचंय. बाईंनी कागदावरची रेघ दाखवली, अर्ध्या वाटेपर्यंत सरळ आणि पुढे कड्यावरून उडी मारल्यासारखी. "बोलणं तुम्हाला व्यवस्थित ऐकू येतं, काका. पुरुषी, जाड आवाज तर उत्तम. गेलेलं मात्र परत येत नाही." कानात घालायचं यंत्रही त्यांनी लावून दिलं. त्यातून गिटार पत्र्याच्या डब्यात कुणी चमचा वाजवावा तशी ऐकू आली. मामांनी ते काढून परत दिलं.

पण लंबूचं काम पडलं होतं, आणि मामा हट्टी. कपाटात एक जुना मेलेला हम्बकर होता, लंबूच्या पिकअपबरोबरच केलेला, त्याचाच जोडीदार. सोलून नीट जमलेला आणि नेमकं जोडणी करताना टोक तुटून वाया गेलेला. मामांनी तो गरम करून मेण काढलं, यंत्राच्या आकड्यावरची चिकटपट्टी खरवडली आणि ती तार उलटी उलगडत फेरे मोजले. तार मधेच तुटे, मग नवं टोक भिंगाखाली शोधायचं. डोळ्यांतून पाणी येई. मामी शेजारी बसून दिवा धरायच्या. शेवटी दोन्ही वेटोळ्यांचे आकडे हाती आले. आपल्याच तरुणपणच्या कानाने सांगितलेले आकडे, आणि ते मोजून घेण्याची पाळी आपल्यावर आली, याची मामांना मनस्वी लाज वाटली.

त्या आकड्याबरहुकूम त्यांनी नवीन वेटोळी गुंडाळली. एक फेरा इकडे नाही की तिकडे नाही. भावाच्या गिटारमध्ये बसवली आणि तार छेडली.

आवाजावर कुणी जाड रजई टाकली होती. खालचे सूर नुसते गुबगुबत होते, वर काहीच नव्हतं. रविवारी सलग धून ऐकताना त्यांना हा फरक कळला नव्हता; एकेक तार सोलायच्या कानाने तपासताना तो कळला.

"हाच तो," मामी दारातून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "अहो, हाच! लंबू वाजवतो ना, अगदी तसा. आता हात लावू नका. घाला मेणात."

मेणात घातलं की वेटोळं बंद होतं, मग सोलता येत नाही. मामांनी पातेलं तापायला ठेवलं. मामी चहा टाकायला आत गेल्या. मामांनी पुन्हा एकदा तार छेडली, पुन्हा रजई. आकडा बरोबर आहे हे त्यांना ठाऊक होतं. बायको खोटं बोलणार नाही हेही ठाऊक होतं. आपला कान गेलाय हे तर कागदावर होतं. पण हे असं मेलेलं काहीतरी आपल्या हाताने गिऱ्हाइकाला द्यायचं? जन्मभरात त्यांनी तसं केलं नव्हतं. त्यांची बोटं टोकाशी गेली. थोडंसंच, म्हणाले. जरा श्वास घेऊ दे त्याला. थोडी तार निघाली. मग आणखी थोडी. रजई सरकली, वरचे सूर आले, मऊ, गोल, ओळखीचे, आणि मामांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याच क्षणी वेटोळी मेणात सोडून दिली.

मामी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी मेणाकडे बघितलं आणि "झालं एकदाचं" म्हणाल्या.

लंबू दुसऱ्या दिवशी आला. मामांनी भावाची गिटार त्याच्या हातात दिली. त्याने ती अँपला जोडली आणि वाजवली. दुसऱ्याच सुराला त्याचा हात किंचित थबकला, पण त्याने धून पूर्ण केली. चारही ओळी वाजवल्या. आतल्या खोलीत मामींच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि नंतर काहीच आवाज आला नाही.

"मस्त झालंय, मामा," लंबू म्हणाला. "हेच हवं होतं. थँक्यू." त्याने वाकून मामांचे खांदे धरले आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले.

तो बाहेर जिन्यात बुटाच्या नाड्या बांधायला बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. त्याने भावाला फोन लावला आणि आवाज अगदी खाली घेतला. लंबूचा आवाज मुळात जाडाभरडा. मामांना त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"नाही रे, तसंच टोचतंय. आपण दुसरीकडून घेऊ... अरे, नाही, त्यांना काही बोलायचं नाही. हेच वापरलं म्हणून सांगायचं. वचन दे मला."

मग पायऱ्यांवर बूट वाजले आणि खालचं दार लागलं.

मामी बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच होता. "काय म्हणाला?"

"हेच हवं होतं म्हणाला," मामा म्हणाले.

"मग झालं तर," मामी म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. मामा यंत्रासमोर बसून राहिले. चिमटीत धरायला तार नव्हती, तरी त्यांची दोन बोटं एकमेकांवर घासत होती.