कादंबऱ्या बुवापाड्यात मिळतील

अंबरनाथच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात मी पहिल्यांदा गेलो तो वाचायला नव्हे, पंख्याखाली बसायला. कारखान्यातली पहिली पाळी सुटली की लगेच घरी जायचा कंटाळा यायचा. ग्रंथपाल कुसुमताईंनी काही दिवस ते चालवून घेतलं. मग एकदा माझ्यापुढे जाडजूड कादंबरी ठेवून म्हणाल्या, "झोपायचंच असेल तर ही उशाला घ्या. निदान पुस्तक कपाटाबाहेर तरी निघेल." मी ती वाचली आणि ताईंच्या तावडीत सापडलो. पुढे वाचनालयाचा कार्यवाह झालो, तोही त्यांनी मला विचारून नव्हे, सांगून.

एका शिक्षकांच्या ओसरीवर सुरू झालेलं हे वाचनालय ताईंनी वाढवलं. त्यांचा स्वभाव तिखट, पण कोणाचं वाचन मध्येच तुटलं तर त्यांना खरोखर दुःख होतं. बाळंतपणामुळे येणं थांबलेल्या एका मुलीच्या घरी त्या स्वतः पुस्तकं पोचवत. वर तिच्या सासूलाही सभासद करून आल्या.

त्यांची खरी कसोटी लागली ती इमारत धोकादायक ठरली तेव्हा. नवी उभी राहीपर्यंत पुस्तकं ठेवायची कुठे? उल्हासनगरचे एक सिंधी फर्निचरवाले धावून आले. "ताई, गोडाऊन रिकामं पडलंय. सगळी किताबं ठेवा, भाडा नको." समितीला हायसं वाटलं. ताईंनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि नकार दिला. "पुस्तकं सुखरूप राहतील हो, पण वाचक तोवर राहील का? एकदा तुटला की तुटला." त्यांनी सुचवलं, एकेक कपाट एकेका सभासदाच्या घरी ठेवू आणि वाचकांनी तिथे जावं. समितीत बरीच वादावादी झाली. शेवटी नेहमीप्रमाणे ताईंचंच चाललं.

कादंबऱ्या गेल्या बुवापाड्याच्या झोपडवस्तीत, आमच्या सभासद सुनंदाबाईंकडे. त्या माउलीने कपाटातली सगळी पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बुद्धमूर्तीशेजारी रचली आणि दारात आलेल्या वाचकांना 'पुस्तकं अगदी नीट आहेत' असं सांगून परत पाठवलं. कळल्यावर ताई तडक तिथे गेल्या. सुनंदाबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या, "ताई, एका पानाला कोणाचा हात लागू दिला नाय."

"तेच तर चुकलं ना गं. मी तुला राखण दिली नाही, वाचनालय दिलंय."

जमिनीवर बसून ताईंनी स्वतः प्लास्टिक सोडलं आणि पहिली कादंबरी सुनंदाबाईंच्याच हातात दिली.

मग संध्याकाळी तिथे वर्दळ सुरू झाली. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांचा अख्खा जन्म अंबरनाथात गेला पण बुवापाड्यात कधी पाऊल पडलं नव्हतं, तेही कादंबरीपायी आले. सुरुवातीला दारातूनच पुस्तक घेऊन परतायचे. पुढे आत बसून चहा घेऊ लागले आणि सुनंदाबाईंशी कादंबरीच्या शेवटावरून वाद घालू लागले. मी ताईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणून तर कादंबऱ्या तिकडे पाठवल्या. चरित्रांसाठी कोण एवढं चालतंय?"

नवी इमारत झाली. घरोघरची कपाटं परत आली. आम्ही कादंबऱ्या आणायला गेलो, तेव्हा सुनंदाबाईंनी सगळ्या झाडूनपुसून ठेवल्या होत्या. "न्या ना ताई, तुमच्याच आहेत," त्या म्हणाल्या. मग थांबून हळूच म्हणाल्या, "पण आता माझ्याकडं कोण कशाला येईल?"

आम्ही टेम्पो बोलावला होता. ताईंनी तो रिकामाच परत पाठवला. समितीला त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं.

आज ताईंच्या पंचाहत्तरीला पाहुणे नवं वाचनालय बघतात आणि कादंबऱ्यांसाठी केलेलं नवं कपाट रिकामं पाहून बुचकळ्यात पडतात. आम्ही त्यांना बुवापाड्याचा रस्ता दाखवतो. ताई, आमचं तुमच्यावर फार प्रेम आहे, हे एरवी तुमच्या धाकामुळे बोलायचं राहून जातं. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि ते कपाट असंच रिकामं राहो.