फाटक्या गोण्या

मनमाडच्या मालधक्क्यामागे आमची एक खोली होती. जमीन मातीची, पावसाळ्यात ओल वर यायची, आणि आम्हा तीन भावंडांत सतरंजी एकच. वडील धक्क्यावर हमाल. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यासाठी वॅगनमधून अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोण्या यायच्या. हमालाचा लोखंडी आकडा लागला की गोणी फाटायची आणि आतला पांढरा, कापसासारखा माल बाहेर यायचा. तो दुसऱ्या गोणीत भरायचा आणि फाटकी गोणी भरणाऱ्याने घरी न्यायची, असा हमालांच्या टोळीचा रिवाज. वडील न्यायचे. आई त्या गोण्या दारातल्या दगडावर आपटायची, उसवायची, एकीला एक जोडून अंथरूण शिवायची. उडालेल्या धुळीने तिचे केस पांढरे व्हायचे. "म्हातारी झाले बघा एका दिवसात," असं शेजारणींना म्हणायची.

त्याच अंथरुणावर पालथं पडून मी अभ्यास केला. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे आजही ताठ मानेने सांगते. नोकरी लागली तशी नाशकात, इंदिरानगरला घर भाड्याने घेतलं आणि आई-वडिलांना आणलं.

तिथे जिना चढताना आईला धाप लागायला लागली. आधी टीबीची औषधं झाली, गुण आला नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ बसलीय, त्याचं काम कुठे केलंत? आई म्हणाली, मी तर घरातच असायचे.

"गोण्या मी आणल्या," बाजूला बसलेले वडील म्हणाले.

"मग काय ओलीत निजवायची होती लेकरं?" आई म्हणाली.

घरात आता कापसाची गादी होती. पण आडवं पडलं की श्वास पुरत नसे, म्हणून ती बसूनच झोपायची. तशीच गेली.

तेराव्यानंतर वडील मला घेऊन धक्क्यावर गेले. आकडा वापरू नका, गोण्या घरी नेऊ नका, असं टोळीला सांगू लागले. एकजण हसला. "पोरगी साहेब झाली, आता तुमाला आमच्या गोण्या बी खुपतात व्हय, नाना?"

"माझी बायको कधी धक्क्यावर आली नव्हती रे," वडील म्हणाले. "ती गेली."

हसणाऱ्याच्या खांद्यावर फाटकी गोणी होती, ती त्याने तिथेच ठेवली. बाकीच्यांना वेळ लागला. खोकला सुरू झाला होता तरी वडील जात राहिले.

आज त्या धक्क्यावर या मालाला आकडा लावत नाहीत. सांडलेला माल पाणी मारून गोळा करतात. फाटकी गोणी कुणाच्याही घरी जात नाही.